आपली माणसे, आपला खेळ



या व्यासपीठावरून वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंक्तीला आज आम्ही फुटबॉल आणून बसवीत आहोत, म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु ज्या गोष्टीपायी एखादे शहर शंभर वर्षे हसते, रडते आणि आपसांत भांडते, ती गोष्ट क्षुल्लक म्हणून सोडून देणे शहाणपणाचे नव्हे. कोल्हापूरला पेठांच्या तालमींचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नकोच.

आजची गोष्ट आहे स्पेनच्या उत्तरेकडील बिल्बाओ शहराची आणि तेथील अ‍ॅथलेटिक क्लबची. बिल्बाओ हे बास्क लोकांचे शहर. नेर्विऑन नदीच्या काठचे, लोखंडाच्या खाणींचे, जहाजबांधणीचे आणि बारमाही पावसाचे. बास्क लोकांची भाषा युरोपातील दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या कुळात बसत नाही. अशा लोकांना आपल्या वेगळेपणाची जाणीव तीव्र असते, हे ओघानेच आले.

या क्लबचा एक संकेत आहे. संघात खेळावयाचे तर खेळाडू बास्क प्रदेशात जन्मलेला असावा, नाही तर तेथील मैदानांवर खेळ शिकून तयार झालेला असावा. बाकी सारे क्लब जगाच्या बाजारातून खेळाडू विकत आणतात. हा क्लब स्वतःलाच बंदी घालून घेतो. 1911 साली स्पेनच्या चषकस्पर्धेत इंग्रज खेळाडूंना खेळविण्यावरून वाद झाला, आणि त्यानंतरच्या काळात हा संकेत रूढ झाला. आता कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल, की असा क्लब बुडावयास हवा. पण नवल असे, की 1929 साली स्पेनची लीग सुरू झाली तेव्हापासून 2025 पर्यंत पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेले क्लब तीनच: रेआल माद्रिद, बार्सेलोना आणि हा. लीगचे विजेतेपद त्याने आठ वेळा मिळविले आहे.

कोण खेळतो हा झाला एक प्रश्न. आमच्या आजच्या विवेचनाचा विषय दुसरा आहे: कसे खेळतो? बिल्बाओच्या प्रेक्षकाला विचारा. तो सांगेल, आमचा खेळ सरळ आहे. चेंडू बगलेला द्यावा, तेथून गोलाच्या तोंडाशी उंच टाकावा, आणि धिप्पाड आघाडीच्या गड्याने डोक्याने आत ढकलावा. चिखल, पाऊस, अंगावर अंग, हातचा गेलेला चेंडूही न सोडणे, हे आमचे. इकडून तिकडे नाजूकपणे चेंडू फिरवीत बसणे दुसऱ्यांचे. आणि ही आवड त्याला रक्तातून आली आहे, असे तो मनापासून मानतो.

हे खरे आहे काय? इतिहासाला विचारू.

पहिली गोष्ट अशी, की हा खेळ बिल्बाओला आला तोच मुळी परक्यांकडून. बंदरात येणाऱ्या इंग्रज खलाशांनी व कामगारांनी तो आणला, आणि इंग्लंडात शिकून परतलेल्या तरुणांनी तो उचलला. क्लब आपला जन्म 1898 सालचा मानतो. त्याचे नावही इंग्रजीच आहे. फ्रँकोच्या राजवटीत 1941 साली ते सक्तीने बदलून स्पॅनिश वळणाचे करण्यात आले. सत्तरच्या दशकात इंग्रजी नाव परत मिळाले, तेव्हा लोकांना आपली हिरावलेली ठेव परत मिळाल्यासारखे वाटले. जे एके काळी परके होते तेच तीन पिढ्यांनी अस्मितेची खूण होऊन बसले!

दुसरी गोष्ट फ्रेड पेंटलँड यांची. हे इंग्रज गृहस्थ पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या रूलेबेन येथील छावणीत नजरकैदेत होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते बिल्बाओला शिक्षक म्हणून आले. डोक्यावर गोल टोपी, तोंडात चिरूट. त्यांनी पोरांना काय शिकविले? चेंडू उंच भिरकावून मागे धावण्याचे सोडा, आखूड पास द्या, चेंडू जमिनीवर ठेवा! म्हणजे आज ज्याला प्रेक्षक ‘आमचे नव्हे’ म्हणतात, नेमके तेच. आणि फळ काय मिळाले? 1929-30 ची लीग एकही सामना न हरता जिंकली, पुढल्या वर्षीची पुन्हा जिंकली, आणि 1931 साली बार्सेलोनाचा बारा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. मोठा विजय झाला की खेळाडू पेंटलँडसाहेबांची टोपी हिसकावून पायांखाली तुडवीत. 1959 साली क्लबने त्यांना सन्मानाने पुन्हा बोलाविले. लोक टोपी विसरले नाहीत, पण टोपीखालच्या डोक्याने काय शिकविले ते मात्र विसरले.

असे का झाले असावे? आम्हांला वाटते, समाज आपल्या भूतकाळातून तेवढेच निवडतो, जे त्याच्या आजच्या दुःखाला उपयोगी पडते. 1958 चे उदाहरण घ्या. चषकाचा अंतिम सामना माद्रिदला, रेआल माद्रिदच्या स्वतःच्या मैदानावर. रेआल म्हणजे तेव्हाचा युरोपचा विजेता, डी स्टेफानोसारखा नामांकित गडी त्यात. बिल्बाओने तो सामना 2-0 असा जिंकला, आणि त्या संघाला ‘अकरा खेडूत’ हे नाव पडले. हुकूमशाहीत ज्यांना आपली भाषा चारचौघांत बोलण्याची चोरी होती, त्यांना राजधानीत जाऊन मान ताठ करण्याची एवढी एकच जागा उरली होती. तेथे कष्ट, चिवटपणा आणि छातीचा कोट हेच गुण गौरवाचे ठरले. पुढे 1976 च्या डिसेंबरात, फ्रँकोच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, सान सेबास्तियन येथे दोन बास्क क्लबांचे कप्तान, इरिबार आणि कोर्ताबार्रिया, बंदी असलेला बास्क ध्वज हाती धरून मैदानात उतरले. अशा काळात ‘आमचा खेळ’ म्हणजे केवळ डावपेच राहत नाहीत. ती एक शपथ होऊन बसते. आणि शपथेची चिकित्सा कोणी करीत नाही.

1983 आणि 1984 साली क्लेमेन्ते या स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली क्लबने लीग जिंकली. तो संघ कणखर होता, प्रसंगी निष्ठुरही होता. बार्सेलोनाकडून खेळणाऱ्या मॅराडोनाचा घोटा 1983 साली याच संघाच्या गोइकोएचेआने मोडला. ते यश प्रेक्षकांच्या मनावर असे कोरले गेले, की खेळ म्हणजे हाच, अशी खूणगाठ पक्की बसली. पुढची कित्येक वर्षे ती खूणगाठ नव्या शिक्षकांच्या पायांतली बेडी झाली.

ती बेडी सैल केली पुन्हा एका परक्याने. 2011 साली अर्जेंटिनाचे मार्सेलो बिएल्सा आले. चेंडू जमिनीवर, वेगाने, सगळ्यांनी मिळून. 2012 च्या मार्चात या संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या घरी 3-2 आणि आपल्या घरी 2-1 असे हरविले. त्या वर्षी दोन अंतिम सामने गाठले आणि दोन्ही 3-0 ने गमावले. त्यांतील युरोपीय स्पर्धेचा सामना अ‍ॅथलेटिको माद्रिदशी होता. हा क्लब 1903 साली माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी बिल्बाओच्या क्लबची शाखा म्हणून काढलेला. पोटच्या पोराने बापाला चीत करावे, तसे झाले. तरीही त्या खेळाचे कौतुक बिल्बाओच्या लोकांनीच सर्वांत अधिक केले. म्हणजे अडचण आखूड पासाची नव्हतीच. पळून, घाम गाळून, पुढे जाण्यासाठी दिलेला पास त्यांना चालतो. अंग चोरण्यासाठी दिलेला चालत नाही.

येथे आमच्या विवेचनाचे मर्म आहे. या प्रेक्षकांची खरी परंपरा डावपेचांत नाही. ती खेळाडू आणि प्रेक्षक यांच्या नात्यात आहे. नापसंत गडी बाजारात बदलून घेण्याची जेथे सोय नाही, तेथे त्याला घडवावा लागतो. ज्याला घडवावयाचे त्याच्या चुका सोसाव्या लागतात. तो गडी शेजारच्या गल्लीतला, मुलाच्या वर्गातला असतो. म्हणून सान मामेसच्या मैदानावर हरलेल्या संघालाही टाळ्या मिळतात. कष्ट न केलेल्याला मात्र क्षमा नसते. पाहुण्याचीही कदर आहे. पिचिची हा त्यांचा जुना गोल करणारा खेळाडू 1922 साली ऐन तारुण्यात वारला. प्रथमच तेथे येणाऱ्या संघाचा कप्तान त्याच्या अर्धपुतळ्यापाशी फुले वाहतो.

पण कोणी म्हणतील, हे सारे गोड झाले. ‘आमचीच माणसे’ या हट्टाला दुसरी बाजू नाही काय? आहे, आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा क्लब शेजारच्या लहान क्लबांची तयार पोरे उचलतो, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. 2018 साली रेआल सोसिएदाद या शेजारी क्लबचा इन्यिगो मार्तिनेस त्यांनी 3 कोटी 20 लाख युरो मोजून आणला. ‘आम्ही विकत घेत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘दूरचे विकत घेत नाही’ एवढाच उरला. स्वतः रेआल सोसिएदादने तर हाच संकेत 1989 साली आयरिश संघाचा जॉन ऑल्ड्रिज आणून सोडून दिला, आणि त्यामुळे तेथील लोक कमी बास्क झाले असे काही कोणी म्हणत नाही.

याहून मोठा प्रश्न: आपला म्हणजे कोण? घानाहून सहारा वाळवंट पायी तुडवीत एक जोडपे स्पेनला आले. 1994 साली बिल्बाओत त्यांना मुलगा झाला. मदत करणाऱ्या धर्मगुरूचे नाव त्यांनी मुलाला दिले: इन्याकी. अस्सल बास्क नाव. हा इन्याकी विल्यम्स पुढे क्लबसाठी 2016 ते 2023 या काळात लीगचे सलग 251 सामने एकही न चुकविता खेळला. एके काळी ज्यांना आडनावांवरून बास्कपण ओळखण्याची सवय होती, त्यांच्या नातवंडांच्या पाठीवर आज ‘विल्यम्स’ लिहिलेले असते. संकेत मोडला नाही. त्याचा अर्थ मोठा झाला. रक्त मागे पडले, माती आणि मेहनत पुढे आली.

2024 च्या 6 एप्रिलला सेव्हिया येथे मायोर्काविरुद्धचा अंतिम सामना 1-1 बरोबरीत सुटला, आणि पेनल्टींवर 4-2 ने बिल्बाओने चषक जिंकला. चाळीस वर्षांनी! 1984 साली जशी नदीतून नाव निघाली होती, तशीच त्या ‘गाबार्रा’ नावाच्या नावेतून संघाची मिरवणूक निघाली, आणि दोन्ही तीरांवर लोक लोटले. त्या नावेवर इन्याकी आणि निको हे विल्यम्स बंधू होते. पुढच्याच वर्षी युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना सान मामेसवर होणार होता. घरच्या अंगणातले लग्न! पण उपान्त्य फेरीत मँचेस्टर युनायटेडने दोन सामने मिळून 7-1 असे चिरडले, आणि अंगणात दुसऱ्यांची वरात आली. खेळ असाच असतो.

श्रोतेहो, आपल्याही गावात जुन्या संस्था आहेत, तालमी आहेत, नाटकमंडळ्या आहेत. तेथे काही नवे निघाले की ‘ही आमची पद्धत नव्हे’ असे आपण चटकन म्हणतो. बिल्बाओची गोष्ट आपल्याला एवढेच सुचविते, की असे म्हणण्यापूर्वी आपण आपले दप्तर नीट उघडून पाहावे. ज्या पद्धतीसाठी आपण भांडतो ती कदाचित कोणा पेंटलँडसाहेबाने शिकविलेली असेल, किंवा त्यांनी शिकविलेली आपणच टाकून दिलेली असेल. पद्धत बदलते, नावे बदलतात, आडनावेही बदलतात. टिकवावयाचे ते एकच: आपल्या पोराला घडविण्याचा धीर, आणि दारी येऊन आपल्यात राबणाऱ्याला आपला म्हणण्याचे मन. हे दोन्ही असेल तर संकेत हा कणा होतो. नसेल तर त्याचेच कुंपण होते.