आपटलेला पिक्चर पब्लिकनं कसा वाचवला?

इअरफोन लावलेत ना? लावाच, कारण आजचा विषय जरा चावट आहे. शेजारी आजी बसली असेल तर स्पीकर बंद करा.

आज बोलायचंय 'द रॉकी हॉरर पिक्चर शो'बद्दल. खरं सांगतो, मी तो पहिल्यांदा मोबाईलवर बघितला. रात्री, अंथरुणात, एकटाच. चाळीस मिनिटांत बंद केला. गाणी भारी, पण गोष्टीला शेंडा ना बुडखा. मधेच पात्रं गप्प होतात, नुसती बघत राहतात. आणि यासाठी लोक पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा तिकीट काढतात? मग जरा शोधाशोध केली, तेव्हा कळलं की मी अर्धाच पिक्चर बघितला होता. उरलेला अर्धा पडद्यावर नसतोच.

आधी गोष्ट सांगतो. ब्रॅड आणि जॅनेट, नुकताच साखरपुडा झालेलं साधंसरळ जोडपं. पावसात गाडीचा टायर पंक्चर होतो आणि फोन करायला म्हणून दोघं एका वाड्यात शिरतात. तिथे भेटतो डॉक्टर फ्रँक-एन-फर्टर. अंगात कोर्सेट, पायात जाळीदार स्टॉकिंग्ज आणि उंच टाचा, ओठांवर लालभडक लिपस्टिक. प्रयोगशाळेत तो स्वतःसाठी एक देखणा पुरुष बनवतोय. पुढे काय काय होतं ते आजीसमोर सांगण्यासारखं नाही!

रिचर्ड ओब्रायननं लिहिलेलं हे मुळात नाटक. 1973 साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवरच्या छोट्या हॉलमध्ये ते सुरू झालं आणि गाजलं. मग पिक्चर आला, बजेट साधारण 14 लाख डॉलर. शूटिंग थंडीत, एका जुन्या गळक्या वाड्यात. जॅनेट झालेली सुसान सरँडन तर न्यूमोनियानं आजारी पडली. टिम करी नाटकातही फ्रँक होता, पिक्चरमध्येही तोच.

1975 साली पिक्चर लागला आणि लॉस एंजेलिसचं एक थिएटर सोडलं तर अमेरिकेत जवळपास सगळीकडे आपटला. समीक्षकांनीही धुतला. पण एप्रिल 1976मध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरनं तो मध्यरात्रीच्या शोला लावला. तीच ती मंडळी दर आठवड्याला यायला लागली. एकदा जॅनेट डोक्यावर पेपर धरून पावसात चालताना कुणीतरी ओरडलं, अगं, छत्री घे की! सगळं थिएटर हसलं. मग हळूहळू बाकीचेही ओरडायला लागले.

आता यातली गंमत बघा. आपल्या तमाशात सोंगाड्या पब्लिकमधला टोमणा झेलतो आणि उलटा टोला हाणतो. पडद्यावरचा नट ते कसं करणार? म्हणून पब्लिकनं उलटी युक्ती काढली. नटाच्या वाक्याच्या आधीच्या गॅपमध्ये असा प्रश्न ओरडायचा, की त्याचं सरळ वाक्यच चावट उत्तर ठरेल. म्हणजे मला मोबाईलवर ज्या जागा रटाळ वाटल्या, नेमक्या त्याच या लोकांनी भरून काढल्या! मग लग्नाच्या सीनला तांदूळ उडवणं आलं, पावसाला पाण्याच्या पिचकाऱ्या आल्या. 'टाइम वॉर्प' लागलं की अख्खं थिएटर नाचतं. पडद्यासमोर फॅन मंडळी तेच कपडे घालून तोच सीन करतात.

पण हे फक्त दंगा घालण्यापुरतं नव्हतं. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेत मुलानं लिपस्टिक लावून रस्त्यावर फिरणं सोपं नव्हतं. समलिंगी, ट्रान्स किंवा नुसतेच 'वेगळे' म्हणून हिणवलेले कितीतरी जण आठवड्यातून एक रात्र इथे यायचे. इथे त्यांच्यावर हसणारे नव्हते, सोबत हसणारे होते. त्या अंधारात अनेकांना आपली माणसं भेटली.

सगळंच गोड आहे असं नाही हं. फ्रँक अंधारात ओळख लपवून ब्रॅड-जॅनेटच्या बिछान्यात शिरतो. तेव्हा तो विनोद होता, आज बघताना खटकतं. पहिल्यांदा आलेल्यांना स्टेजवर ओढून चिडवायची प्रथाही सगळ्यांना झेपेल असं नाही. चावटपणा समोरच्याला मान्य असेल तोवरच मजा आहे.

तरीही 2005 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हा पिक्चर जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतला. एकेकाळी रिकाम्या खुर्च्यांसमोर चाललेला पिक्चर!

आपण सगळं खिशात घेऊन फिरतो, एकट्यानं बघतो, कंटाळा आला की पुढे सरकवतो. काही पिक्चर मात्र शेजारची खुर्ची भरल्याशिवाय पूर्णच होत नाहीत. मी आता ठरवलंय, हा पुन्हा बघेन तर दहा मित्र जमवून, भिंतीवर प्रोजेक्टर लावून. तांदूळ नंतर मीच झाडेन.

तुम्ही कुठला पिक्चर गर्दीत बघून प्रेमात पडलात? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि आजीला सांगा, अभ्यासाचं ऐकत होतो!