गाठीची रसद

गळ्याच्या पुढल्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. ग्रंथांतरी तिला अवटु ग्रंथी म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र थायरॉईड हाच शब्द रुळला आहे. तिचे वजन दोन-अडीच तोळे, परंतु त्या मानाने तिच्यातून वाहणारे रक्त विपुल. ग्रंथी अतिकार्यशील झाली की डॉक्टरांना गळ्याला नळी लावताच त्या प्रवाहाचा घरघराट ऐकू येतो. कर्करोग आणि रक्तवाहिन्या यांच्या नात्याचा एक धागा याच ग्रंथीत सापडावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. जूडा फोकमन हे तरुण शल्यविशारद अमेरिकेच्या नौदलात बेथेस्डा येथे काम करीत होते. नौदलाला कर्करोगाशी काही कर्तव्य नव्हते. त्याला हवा होता लांबच्या सफरीत टिकेल असा रक्ताचा पर्याय. त्याची परीक्षा घेण्यासाठी फोकमन आणि त्यांचे सहकारी प्राण्यांच्या थायरॉईड ग्रंथी शरीराबाहेर काचेच्या पात्रात जगवीत आणि तीत अर्बुदाच्या पेशी सोडीत. पेशी वाढत, इवलीशी गाठ बने आणि तेथेच थांबे. ती मरत नसे. कारण तीच गाठ जिवंत उंदराच्या अंगात बसविली की भराभर फोफावे. उंदराच्या अंगात असे काय होते, जे पात्रात नव्हते? तेथे नव्या रक्तवाहिन्या गाठीत शिरत होत्या. १९७१ साली फोकमन यांनी आपले मत मांडले: रक्तवाहिन्यांना बोलावून घेतल्याखेरीज गाठ एक-दोन मिलिमीटरांपलीकडे वाढू शकत नाही, तेव्हा तिची रसदच तोडावी. पुष्कळ वर्षे या मताला शंकेखोरच अधिक भेटले.

बोलावणे धाडणारे द्रव्य पुढे सापडले. १९८३ साली बॉस्टनच्या संशोधकांना अर्बुदातून स्रवणारे, वाहिन्या पाझरावयास लावणारे एक प्रथिन आढळले. १९८९ साली नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्यांची वाढ करणारे प्रथिन वेगळे काढले, आणि ही दोन्ही एकच ठरली. व्ही. ई. जी. एफ. हे त्याचे आद्याक्षरी नाव. प्राणवायूचा तुटवडा पडला की पेशी हे प्रथिन अधिक निर्माण करते. ते जवळच्या वाहिनीच्या अस्तरपेशींना जाऊन चिकटते, त्या विभागतात आणि नवा फाटा फुटतो. अर्बुदातले हे फाटे वेडेवाकडे नि गळके असतात. पण गाठीला तेवढे पुरते.

थायरॉईडमध्ये आणखी एक गोष्ट घडते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉईडला कामाला लावणारा जो अंतःस्राव पाठविते, तोही या प्रथिनाचे उत्पादन वाढवितो. गलगंड वाढतो तेव्हा वाहिन्याही त्याच्याबरोबर वाढतात, ही शरीराची सरळ व्यवस्था होय. कर्करोग नवी युक्ती शोधीत नाही. असलेलीच व्यवस्था राबवितो.

थायरॉईडचे बहुतेक कर्करोग शस्त्रक्रियेने आणि किरणोत्सर्गी आयोडीनने आटोक्यात येतात, हे आधी सांगितले पाहिजे. गळ्याला गाठ लागताच हबकून जाण्याचे कारण नाही. अडचण येते ती आयोडीन शोषून घेणेच सोडून देणाऱ्या थोड्या गाठींची. अशा रुग्णांसाठी वाहिन्यांना मिळणारा निरोप अडविणारी औषधे आली: २०१३ साली सोराफेनिब, २०१५ साली लेनवाटिनिब. लेनवाटिनिबच्या चाचणीत ३९२ रुग्ण होते. औषध न मिळालेल्यांच्या गटात रोग पुढे सरकण्यास लागलेला मध्यम काळ ३.६ महिने, तर औषध मिळालेल्यांच्या गटात १८.३ महिने होता.

हा अवधी मोठा आहे. पण ती रोगमुक्ती नव्हे. गाठ कालांतराने दुसऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने वाट काढते. शिवाय निरोगी वाहिन्यांनाही हेच द्रव्य हवे असते. ते अडविले की रक्तदाब चढतो, जखमा भरून येण्यास विलंब लागतो, मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात. म्हणून गाठ संथ असेल आणि रुग्णाला त्रास नसेल, तर जाणते डॉक्टर गोळी लगेच सुरू करीत नाहीत. ते काही महिन्यांच्या अंतराने छायाचित्रे घेऊन गाठ मोजीत राहतात आणि ती वेग घेईपर्यंत थांबतात.