गुप्तदान कुणापासून गुप्त?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



गणपतीच्या मांडवात कोर्टकचेरी कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पण सार्वजनिक गोष्टी चारचौघांत बोलता याव्यात, हाही सार्वजनिक उत्सवाचा एक हेतू आहेच. शिवाय आजचा विषय वर्गणीचाच आहे. फक्त ती राजकीय पक्षांची.

आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात. या हाताचे त्या हाताला कळू नये म्हणतात. देणाऱ्याला परतफेड नको असते, म्हणूनच ते दान. आता पक्षांच्या देणग्यांना ही कसोटी लावून पाहू.

२०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी निवडणूक रोखे जाहीर केले आणि जानेवारी २०१८ मध्ये योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे घ्यायचे, पक्षाला द्यायचे, पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नाही. सरकारचे म्हणणे असे की, रोखीऐवजी पैसा बँकेतून येईल आणि एका पक्षाला दिले म्हणून दुसऱ्याचा रोष ओढवणार नाही. हा मुद्दा टाकाऊ नाही. छोट्या गावातल्या दुकानदाराला ही भीती खरोखरच असते.

पण नाव लपत होते कुणापासून? रोखा कुणी आणून दिला, हे घेणाऱ्याला कळू शकत होते. खरेदीदाराची नोंद बँकेकडे होती. अंधारात राहिला तो फक्त मतदार. त्यात कंपन्यांवरची, सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली गेली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकत होती!

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. राजकीय मत खासगी ठेवण्याचा देणगीदाराचा हक्क न्यायालयाने मान्य केला. परंतु धोरण आपल्याकडे वळवण्यासाठी दिलेल्या पैशाला तो आडोसा मिळणार नाही, असे सांगितले. मत देण्यापूर्वी पक्षाला पैसा कोण पुरवतो हे जाणून घेणे, हा मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भाग ठरला.

स्टेट बँकेने माहितीसाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी माहिती द्यायला लावली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्या. स्टेट बँकेच्या हिशेबाप्रमाणे एप्रिल २०१९ पासून २२,२१७ रोखे घेतले गेले होते. बहुतेक रक्कम एक कोटीच्या रोख्यांतली. हा काही छोट्या दुकानदाराचा पैसा नव्हे.

हा प्रश्न नवा नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देण्यासाठी आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेव्हाच्या कायद्यानुसार परवानगी द्यावी लागली. पण मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी त्याच निकालात इशारा दिला की, हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळू शकतो, संसदेने याचा विचार करावा. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठली.

रोखे गेले म्हणून सगळे उजेडात आले, असे मात्र समजू नका. एका वर्षात वीस हजारांपर्यंत देणाऱ्याचे नाव पक्षाला आजही आयोगाला कळवावे लागत नाही. छोट्या देणगीदाराला हे संरक्षण हवेच. पण मोठ्या रकमेचे तुकडे पाडून ती याच दारातून आत येऊ शकते. म्हणून पक्षांचे वार्षिक हिशेब आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, ते पाहत जा. उमेदवार दारात आला की विचारा.

आपले मंडळ एक्कावन्न रुपयांचीही पावती फाडते आणि जमाखर्च सभेपुढे ठेवते. देश चालवू पाहणाऱ्यांकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे फार झाले का?

गणपती बाप्पा मोरया!