अरुंधती पाहिलीत का?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



लग्नात भटजींनी सांगितले म्हणून आपण बहुतेकींनी वर पाहिले आणि ‘दिसली’ म्हणून मान हलवली. पण खरोखर अरुंधती किती जणींना दिसली? त्या गर्दीत, मुंडावळ्यांच्या आडून काय दिसणार! पुढे संसार सुरू झाला आणि वर पाहायचे राहूनच गेले. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. सप्तर्षींच्या शेपटीतला टोकाकडून दुसरा तारा म्हणजे वसिष्ठ, आणि त्याला खेटून मिणमिणते ती अरुंधती. आज आपणांस दिसणारा त्यांचा प्रकाश सुमारे ८० वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकींच्या जन्माआधी!

दुर्बिणीतून वसिष्ठाचे दोन तारे दिसतात, हे सतराव्या शतकातच कळले होते. त्यांतल्या ठळक ताऱ्याचे गुपित मात्र दुर्बिणीलाही उलगडले नाही. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याच्या रंगपटाची छायाचित्रे घेत. त्यातल्या काळ्या रेघा या ताऱ्याच्या बाबतीत कधी एकेरी, तर कधी दुहेरी दिसत. संचालक पिकरिंग यांनी १८८९ साली त्याचा उलगडा केला : हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एक आपल्याकडे येतो तेव्हा दुसरा दूर जातो, म्हणून रेघा फाकतात.

ही छायाचित्रे तासन्‌तास तपासणाऱ्या होत्या स्त्रिया. त्यांच्यापैकी अँटोनिया मॉरी हिने त्याच वर्षी सारथी तारकासमूहात असाच दुसरा जोडतारा स्वतः शोधून काढला. आपल्या कामावर आपले नाव असावे, असा तिचा आग्रह होता. १८९७ साली तिने केलेले ताऱ्यांचे वर्गीकरण तिच्या नावानिशी छापले गेले.

आणि आपली अरुंधती? तिलाही एक मंद सोबती असल्याचे २००९ साली आढळले. म्हणजे शोध संपलेला नाही.

‘मुलींना आकाशाचे काय करायचे?’ असे अजूनही कुठे कुठे ऐकू येते. त्यांना मॉरीबाईंची ही हकीकत अवश्य सांगा. आणि येत्या वैशाखात लेकीसुनांना, नातींना घेऊन गच्चीवर जा. अरुंधती दिसली नाही, तर ‘दिसली’ म्हणू नका, दिसेपर्यंत पाहा.