मनोऱ्याखालचं कुरण



जगातली नैसर्गिक आश्चर्यं म्हटली की डोळ्यांपुढे काय येतं? ग्रँड कॅन्यनची दरी, नायगाराचा धबधबा, किलिमांजारोचं बर्फाळ शिखर. आपल्याकडचं म्हणाल तर लोणारचं सरोवर. तिथे जायचं, कठड्याशी उभं राहायचं, थक्क व्हायचं आणि फोटो काढून परतायचं. आज मी ज्या आश्चर्याबद्दल बोलणार आहे, ते काठावर उभं राहून दिसतच नाही. ते आहे तमिळनाडूतल्या तंजावरच्या किनाऱ्याला, उथळ समुद्राच्या तळाशी. आणि गंमत अशी, की त्याच्या ऐन काठावर एका मराठी राजानं मनोरा बांधून ठेवला आहे.

तंजावर आपल्याला परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि ते 1855 पर्यंत टिकलं. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा भलामोठा मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या आहेत, मोडी कागदांचे रुमाल आहेत. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण तंजावर जिल्ह्याला समुद्र आहे, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसतं. शहरापासून साधारण 65 किलोमीटरवर, पट्टुकोट्टै ओलांडून पुढे गेलं की मल्लिपट्टिनमजवळ नारळाच्या बागांपलीकडे एक षटकोनी, आठ मजली बुरूज दिसतो. त्याचं नावच मनोरा. दुसरे सरफोजीराजे यांनी तो बांधला. 1814 साली युरोपात नेपोलियनचा पाडाव झाला, त्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून. त्यावरच्या लेखांत मराठीही आहे.

हे सरफोजीराजे मोठे चौकस गृहस्थ. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं ठेवून घेणारे, पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची हुबेहूब चित्रं कलावंतांकडून काढून घेणारे. पण त्यांच्या या मनोऱ्यासमोर जो समुद्र पसरला आहे, त्याच्या तळाशी काय आहे, हे वरच्या मजल्यावरून त्यांनाही दिसलं नसेल.

हा समुद्र म्हणजे पाल्कचा उपसागर. भारत आणि श्रीलंका यांच्या मधलं, दक्षिणेला रामसेतूनं अडवलेलं पाणी. फार खोल नाही, बऱ्याच ठिकाणी दहा मीटरसुद्धा नाही. लाटा बेताच्या, तळ वाळूचा आणि गाळाचा. ऊन थेट तळापर्यंत पोचतं आणि म्हणून तिथे गवत उगवतं. मी शेवाळाबद्दल बोलत नाही हं. शेवाळाला मुळं नसतात, फुलं नसतात. या समुद्रगवताला खरीखुरी मुळं आहेत, जमिनीखालून सरपटणारे कंद आहेत, पानं आहेत, आणि त्याला पाण्याखाली फुलं येतात. वारा नाही, मधमाश्या नाहीत, तर पराग पाण्याच्या प्रवाहाबरोबर एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. या गवताचे पूर्वज जमिनीवर वाढत होते. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर पृथ्वीवर फिरत होते त्या काळात, त्यातले काही समुद्रात उतरले आणि तिथलेच झाले.

आता या कुरणात चरणारा प्राणी पाहू. इंग्रजीत त्याला डुगाँग म्हणतात, तमिळ मच्छीमार त्याला कडल पसु म्हणतात आणि आपण म्हणू समुद्रगाय. लांबी तीन मीटरपर्यंत, वजन चारशे किलोच्या घरात. अंग राखाडी, शेपूट देवमाशासारखी दुभंगलेली, पुढे दोन वल्ही. पण ही समुद्रगाय मासा नाही. ती आपल्यासारखीच हवेत श्वास घेते, पिलाला अंगावर पाजते. नात्यानं ती देवमाशापेक्षा हत्तीला जवळची. हत्तीच्या कुळातले काही प्राणी सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी पाण्यात उतरले, त्यांची ही वंशज. म्हणजे बघा, आधी जमिनीवरचं गवत समुद्रात गेलं आणि पाच कोटी वर्षांनी त्याच्या मागोमाग त्याला खाणारं जनावरही गेलं. ही दोघं आज तंजावरच्या किनाऱ्याला एकमेकांच्या आधारानं जगताहेत, याहून मोठं आश्चर्य आणखी कोणतं हवं?

तिचं चरणं जवळून पाहण्यासारखं असतं. समुद्रगाय तळाशी येते, खाली वळलेलं जाड, केसाळ नाक वाळूत खुपसते आणि गवत मुळासकट उपटून घेत हळूहळू पुढे सरकते. तिच्यामागे वाळूत नांगराच्या तासासारखा एक लांब पट्टा उघडा पडतो. पाच-सहा मिनिटांत श्वासासाठी वर येते, नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर काढते आणि पुन्हा खाली. दिवसाला तीसेक किलो गवत तिला लागतं. ते खाताना जुनी, दाटलेली झाडं निघतात, कोवळ्या फुटव्याला जागा होते, बिया दूरवर जातात. आणि या कुरणाच्या आडोशाला कोळंबीची, खेकड्यांची, म्हाकुळांची, कितीतरी माशांची पिलं वाढतात. हीच पिलं मोठी झाली की मल्लिपट्टिनमच्या, सेतुबावाछत्रमच्या होड्यांतून बाजारात येतात. कुरण गेलं की मच्छीमाराची टोपली रिकामी झालीच म्हणून समजा.

मग अडचण कुठे आहे? अडचण हिशेबात आहे. समुद्रगाय सत्तर वर्षंसुद्धा जगते, पण तिची वीण फार सावकाश. गाभणपण वर्षाहून जास्त, एका वेळी एकच पिलू, आणि दोन पिलांमध्ये तीन ते सात वर्षांचं अंतर. सगळं अनुकूल असलं तरी तिची संख्या वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. भारतात पाल्कचा उपसागर, मन्नारचं आखात, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी ती उरली आहे, आणि सगळीकडची मिळून जेमतेम अडीचशेच्या आसपास असावी असा अंदाज आहे. समजा, एखाद्या भागात शंभर आहेत. वर्षाला फार तर पाचांची भर पडणार. आणि पाच मेल्या, की भर शून्य. सहावी मेली, की उतरण सुरू.

असं होऊन चुकलेलं आहे. 1741 साली बेरिंग या दर्यावर्द्याच्या मोहिमेचं जहाज रशियाच्या पूर्वेला एका निर्जन बेटाशी फुटलं. त्यावर स्टेलर नावाचा जर्मन निसर्गअभ्यासक होता. त्यानं तिथे समुद्रगायीची एक अवाढव्य जात पाहिली, आठ मीटरपर्यंत लांब, आणि तिचं वर्णन लिहून ठेवलं. बातमी पसरली. फरच्या व्यापारासाठी त्या वाटेनं जाणारी जहाजं मांसासाठी या गायी मारू लागली. 1768 पर्यंत ती जात संपली. युरोपीयांना ओळख झाल्यापासून अवघ्या सत्तावीस वर्षांत.

आपल्याकडच्या समुद्रगायीचंही मांस पूर्वी खाल्लं जायचं, चोरून विकलं जायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलं. शिकार पुष्कळ कमी झाली. पण आजचा मोठा धोका मुद्दाम मारण्याचा राहिलेला नाही. जाळ्यात अडकलेली समुद्रगाय श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि गुदमरून मरते. तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी तर कुरणच उखडून टाकतात. किनाऱ्यावरून येणारा गाळ, सांडपाणी यांनी पाणी गढूळ झालं, की ऊन तळाशी पोचत नाही आणि गवत मरतं.

म्हणून तमिळनाडू सरकारनं सप्टेंबर 2022 मध्ये देशातलं पहिलं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. तंजावर आणि पुदुकोट्टै या दोन जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा 448 चौरस किलोमीटरचा समुद्र, अदिरामपट्टिनमपासून अम्मापट्टिनमपर्यंत. त्यात सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास गवताची कुरणं आहेत. मनोऱ्याजवळ डुगाँग संवर्धनाचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभारायचंही ठरलं. 2025 साली अबु धाबीच्या जागतिक संवर्धन परिषदेत या क्षेत्राची दखल घेतली गेली.

आता इथे थोडं थांबू या, कारण खरी गोम ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ या प्रकारात आहे. आपल्या मालवणची गोष्ट आठवा. 1987 साली तिथे 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. आपल्या पोटावर पाय येणार, या भीतीनं मच्छीमारांनी विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं धुमसत राहिला. संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आली. त्यात स्थानिक लोकांशी बोलूनच क्षेत्र जाहीर करायचं असतं, आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. पाल्कच्या उपसागरात हे क्षेत्र झालं म्हणून मासेमारी बंद झाली नाही. माणसाला हाकलून समुद्र वाचवायचा नाही, माणसाला धरून वाचवायचा, असा हा डाव आहे.

आणि तो मांडावाच लागतो, कारण शेवटचा निर्णय मच्छीमाराच्या हातात असतो. पहाटेची वेळ आहे असं समजा. जाळं ओढताना नेहमीपेक्षा जड लागतं. वर येते ती गुरफटलेली, धडपडणारी समुद्रगाय. होडीत दोघं-तिघं. आजूबाजूला ना वनरक्षक, ना पोलीस. तिला सोडवायचं तर जाळं कापावं लागणार, म्हणजे हजारो रुपयांचं नुकसान आणि दिवसाची कमाई बुडाली. न सोडवावं तर कोण बघणार आहे? तरीही या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी जाळी कापून समुद्रगायी सोडून दिल्या आहेत, आणि एकदाच नव्हे, अनेकदा. वनखातं अशा मच्छीमारांचा सत्कार करतं, रोख बक्षीस देतं. भारतीय वन्यजीव संस्थेनं मच्छीमारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या देऊन त्यांच्या घरांनाच या कामात जोडून घेतलं.

उखडलेलं कुरण पुन्हा लावताही येतं. डॉ. बालाजी वेदराजन यांच्या ओम्कार फाउंडेशननं याच किनाऱ्यावर ते करून दाखवलं. पद्धत अगदी साधी. बांबूची चौकट करायची, तिच्यावर काथ्याच्या दोऱ्या आडव्या-उभ्या ताणायच्या, दोऱ्यांना गवताचे मुळासकट फुटवे बांधायचे आणि चौकट तळाशी ठेवून द्यायची. मुळं वाळूत शिरेपर्यंत चौकट त्यांना प्रवाहात धरून ठेवते. मग बांबू आणि काथ्या कुजून जातात, गवत राहतं. प्लॅस्टिक नाही, लोखंड नाही, आणि कामाला गावातलीच माणसं.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? नाही. या समुद्रात ट्रॉलर आहेत आणि छोट्या होड्याही आहेत. आठवड्याचे दिवस त्यांनी आपसांत वाटून घेतले आहेत, पण ट्रॉलर किनाऱ्याजवळ शिरण्याची तक्रार जुनीच आहे. शिवाय काही संकटं कोणत्याच समितीच्या हातात नसतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाचं आखात आहे, 1991 पासून जागतिक वारसास्थळ. तिथे हजारो समुद्रगायी आहेत. 2022 साली शास्त्रज्ञांना तिथे कळलं, की 180 किलोमीटर पसरलेलं एक कुरण हे मुळात एकच रोप आहे, एकाच बीजापासून सुमारे साडेचार हजार वर्षं पसरत गेलेलं. पण त्याच शार्क बेमध्ये 2010-11 च्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी एवढं तापलं, की गवताचा मोठा हिस्सा नष्ट झाला. वारसास्थळाची पाटी उष्णतेला अडवू शकली नाही. आणि खेदाची बाब अशी, की हवेतला कार्बन शोषून गाळात पुरून ठेवण्यात समुद्रगवत जंगलांच्या तोडीचं काम करतं. म्हणजे तापमानवाढीवर जो उपाय आहे, तोच तापमानवाढीनं मरतो आहे.

तेव्हा श्रोतेहो, मुद्दा एवढाच. आश्चर्य डोळ्यांना दिसणारं असलं, की त्याला प्रवासी मिळतात, पैसा मिळतो, कैवारी मिळतात. पाण्याखालच्या कुरणाला यातलं काहीच नाही. त्याला वाचवू शकतात ती फक्त त्याच्या आधारानं पोट भरणारी माणसं. त्यांना विश्वासात घेतलं तर कायदा चालतो, नाही तर तो सरकारी राजपत्रातच राहतो. मालवण असो की मल्लिपट्टिनम. पुढच्या वेळी एखादं संरक्षित क्षेत्र जाहीर झाल्याची बातमी कानावर आली, तर चौरस किलोमीटरचा आकडा ऐकून समाधान मानू नका. तिथल्या समितीत त्या गावचा माणूस आहे का, आणि जाळं कापणाऱ्याचं नुकसान कोण भरून देतं, हे दोन प्रश्न जरूर विचारा. त्यांची उत्तरं मिळाली, की ते क्षेत्र टिकणार की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.