मान घासू नका, रक्त तपासा



आज इथे बंगळुरूत जमलेले आपण बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर. आपल्यात जी गोष्ट फक्त चिडवण्यापुरती निघते, तिच्यावर आज बोलते : मानेवरचा काळा पट्टा.

घरी म्हणतात, नीट अंघोळ कर. हॉस्टेलवर म्हणतात, मळ साचलाय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ ठरवलं गेलं, त्यांना हा शब्द दुप्पट लागतो. मग आपण घासणीने, लिंबाने मान सोलून काढतो. पट्टा जात नाही, कारण तो मळ नाहीच.

डॉक्टर त्याला अकॅन्थोसिस निग्रिकॅन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. या जादा इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. मान, काख, जांघ इथली कातडी जाड, काळी, मखमलीसारखी होते. बारीक लोंबत्या चामखिळीही येतात. म्हणजे मधुमेहाच्या कित्येक वर्षं आधी शरीराने दिलेली ही सूचना असू शकते.

कुणी म्हणेल, मी तर जाड नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकलेली.

अर्धपोटी राबणाऱ्या आया कोणत्या वस्त्यांत जास्त होत्या, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्यांची लेकरं आज दहा तास खुर्चीत बसतात आणि पीजीतला भात खातात. आईच्या पोटाला जे मिळालं नाही, त्याचा हिशेब असा आपल्या कमरेवर निघतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

मग करायचं काय? कमर मोजा : पुरुषांची ९० आणि बायांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या. साखरेची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. एकदा साखर नॉर्मल आली म्हणून विसरू नका, दरवर्षी बघा. मुलींनो, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पट्टा अचानक पसरला आणि वजन विनाकारण घटू लागलं, तर लगेच दाखवा.

मेडिकलवाला गोरं करणारं मलम देईल, ते घेऊ नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. त्याने कातडी पातळ होते, जांघेतला गजकर्ण चिघळतो. वजन थोडं उतरलं, रोज चालणं झालं, इन्सुलिन खाली आलं, की पट्टा बहुधा हळूहळू फिकट होतो.

बाबासाहेबांनी शेवटची वर्षं मधुमेह अंगावर घेऊन काम केलं. आपल्याला तपासणीची सोय आहे, ती वापरूया. आणि यापुढे कुणाची मान काळी दिसली, तर त्याला अंघोळ सांगू नका, तपासणी सांगा.

जय भीम.