कात आणि अन्न



मराठीच्या प्राध्यापकाने विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानात कीटकांवर बोलावे, हे काहींना धार्ष्ट्य वाटेल. कारण सांगतो. १९६५ साली, नववीत असताना, मी निबंधात लिहिले होते : ‘सुरवंट स्वतःच्याच बळावर कात टाकतो.’ त्या दिवशी मराठीचा तास बदलीवर आलेल्या सरांनी घेतला. त्यांनी समासात एवढेच लिहिले, ‘कशाच्या बळावर?’ पुढे तीस-पस्तीस वर्षे मी ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार शिकवला. उत्तर मात्र निवृत्तीनंतर शोधले.

ते बळ एका संप्रेरकाचे. १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो कोशांतून ते वेगळे केले. हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम! त्याला एक्डायसोन म्हणतात. मुळातील ग्रीक शब्दाचा अर्थ अंगावरचे उतरवणे. त्याची रेणुरचना निश्चित झाली, तेही १९६५ सालीच.

हे द्रव्य स्टेरॉइड आहे. ते कोलेस्टेरॉलपासून घडते. आपले शरीर कोलेस्टेरॉल स्वतः तयार करते. कीटकाला ते साधत नाही. त्या रेणूचा चार वलयांचा सांगाडा त्याला अन्नातूनच मिळवावा लागतो. पानांत तर कोलेस्टेरॉल नाममात्र. असते ते मुख्यतः सिटोस्टेरॉल, त्याच्या शेपटाला कार्बनचे दोन अणू अधिक. तुतीचे पान खाणारा रेशीमकिडा ते दोन अणू छाटून कोलेस्टेरॉल मिळवतो. मग वक्षभागातील ग्रंथी त्यातून हायड्रोजनचे दोन अणू काढते, एकेक ऑक्सिजन जोडत जाते, आणि अखेरचा ऑक्सिजन ग्रंथीबाहेर, इतर ऊतींत जोडला जातो. तेव्हा कुठे ते संप्रेरक पूर्णपणे कार्यक्षम होते. या पायऱ्यांवरील जनुकांना शास्त्रज्ञांनी ‘भूत’, ‘छाया’ अशा अर्थांची इंग्रजी नावे दिली आहेत. नामकरणात ही मंडळी आमच्या नवकवींना हार जाणारी नव्हेत.

सरांना विशेष आवडली असती ती सोनोरा वाळवंटातील एक इवलीशी माशी, ड्रॉसोफिला पाकीआ. ती सेनिता नावाच्या निवडुंगाच्या कुजत्या खोडावर वाढते. त्या निवडुंगात नेहमीची स्टेरॉले नाहीत, वेगळीच आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की हायड्रोजन काढणारे तिचे विकर थोड्याशा बदलांनी त्या वेगळ्या स्टेरॉलाशी जुळले आणि कोलेस्टेरॉलवर काम करणे विसरले. आता कोलेस्टेरॉल समोर ठेवले तरी तिला त्यातून संप्रेरक घडवता येत नाही.

सर, उत्तर सादर करण्यास साठ वर्षे विलंब झाला.